नॉरहॅमचा किल्ला
नॉरहॅमचा किल्ला हा इंग्लंडच्या नॉर्थंबरलँड परगण्यातील, ट्वीड नदीच्या दक्षिण तीरावरील मध्ययुगीन सरहद्दीचा किल्ला आहे. नदीपलीकडे स्कॉटलंड असल्याने येथील उताराच्या रक्षणासाठी डरहॅमचे बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड यांनी इ.स. ११२१ मध्ये तो बांधविला. इ.स. १२९१ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडच्या रिक्त गादीच्या दावेदारांकडून नॉरहॅम येथे आपले अधिराज्य मान्य करवून घेतले. इ.स. १५१३ मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने तोफांच्या माऱ्याने किल्ला जिंकला. मात्र काही दिवसांतच, ९ सप्टेंबर रोजी, तो फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला. इ.स. १६०३ मध्ये दोन्ही राज्यांचा राजा एकच झाल्यावर किल्ल्याचे प्रयोजन संपले. आज किल्ल्याचे केवळ अवशेष उरले असून शेजारचे नॉरहॅम गाव व तेथील १२ व्या शतकातील चर्च मात्र नांदते आहे.