गाठ आहे गळाशी

जवळा बाजार हे नाव ऐकून कोकणातला माणूस हमखास फसतो. त्याच्याकडे जवळा म्हणजे इवलीइवली कोळंबी, वाळवून डब्यात भरून ठेवण्याची. तेव्हा जवळा बाजार म्हणजे सुक्या मासळीची पेठ असणार, हा त्याचा सरळ हिशेब. आमच्या शाखेत मुंबईकडून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारले, "इथं सोडे कसे किलो?" त्याला हळदीचा आणि सोयाबीनचा भाव सांगण्यात आला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, आणि तोही १९९९ पासूनचा. त्याआधी आम्ही परभणीत जमा होतो.

पण मासा अगदीच परका नाही. १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, पाणी अडले, आणि पाण्यामागोमाग मासे, माशांमागोमाग जाळी, आणि जाळ्यांमागोमाग आमच्यासारखे काठावर बसून सल्ले देणारे आले. मी मूळचा कॉमर्सचा. माशातले मला फारसे कळत नाही. माझे कुतूहल आहे ते गाठीचे. गळ आणि दोरा यांना जोडणारी ती एवढीशी गाठ. बँकेत वाउचरचे गठ्ठे सुतळीने बांधण्यात उमर गेलेल्या माणसाला गाठीबद्दल आपुलकी वाटणारच.

आपल्या भाषेत गाठीचे प्रस्थ केवढे! निरगाठ आहे, सुरगाठ आहे, जानव्याची ब्रह्मगाठ आहे. लग्न म्हणजे रेशीमगाठ. मनाशी बांधायची ती खूणगाठ. भेट झाली की गाठ पडते, आणि भांडण झाले की "गाठ माझ्याशी आहे!" इतके असूनही इतिहासाच्या पुस्तकात गाठीला एक ओळ नाही. तिथे सगळा मान गळाला.

गळाचा मान तरी किती जुना? जपानच्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत शंखाचे गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. मोहेंजोदडोला साडेचार हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे गळ निघाले; त्यांतल्या काहींना उलटा काटा आहे आणि दोरा ओवायला नेढेसुद्धा. आता नेढे आहे म्हणजे त्यात दोरा होता, आणि दोरा होता म्हणजे गाठ होतीच. पण दोरा कुजला आणि गाठही त्याच्याबरोबर गेली. तांबे टिकते, सूत टिकत नाही. आपल्याच नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत धागा शिल्लक सापडला, तो तांब्याच्या गंजाने त्याला राखले म्हणून. म्हणजे इतिहासात जागा हवी असेल, तर धाग्यालाही कोणा धातूचा वशिला लागतो!

क्वचित मात्र गाठीचा माग लागतो. उत्तर इस्राएलमध्ये जॉर्डन नदीकाठी हाडाचे १९ गळ मिळाले, बारा हजार वर्षांहून जुने. २०२१ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गळांच्या दांड्यावर दोरा घट्ट बसावा म्हणून पाडलेल्या खाचा होत्या आणि वनस्पतीच्या तंतूंचे बारीक अवशेषही. चोर गेला, पण पायाचे ठसे राहिले, तसे हे झाले.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या भागात या विद्येची कोणी दखल घेतली की नाही? घेतली, आणि खुद्द राजाने घेतली. मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांत राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारे आहे, आणि त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे: मासे कोणते, त्यांना काय खाऊ घालून लळा लावायचा आणि गळाने कसे पकडायचे. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचे पहिले पुस्तक छापले गेले १४९६ साली. म्हणजे आपला राजा साडेतीनशे वर्षे पुढे. एवढ्या बाबतीत तरी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

इंग्रजांचा गाठीशी खरा झगडा सुरू झाला तो पुढे. तिकडे बराच काळ गळाच्या दांड्यावर दोरा गुंडाळून तो कायमचा बांधून टाकत. १८७९ च्या सुमारास नेढ्याचे छोटे गळ प्रचारात आणण्यासाठी एका गणिताच्या मास्तरांनी खटपट केली. त्यांचे नाव एच. एस. हॉल. ओळखलेत? बीजगणिताच्या 'हॉल अँड नाइट' मधले हॉल! ज्यांच्या उदाहरणांनी आमच्या वडिलांच्या पिढीला गळाला लागलेल्या माशासारखे तडफडायला लावले, ते गृहस्थ सुट्टीत नदीवर गळ टाकून बसत होते. मोहेंजोदडोच्या कारागिराला जे सुचले होते, ते तिथल्या माशांपर्यंत पोचायला बीजगणित लागले. मग नेढ्याला दोरा बांधायचा कसा, हा प्रश्न आला, आणि मेजर टर्ल या गृहस्थांच्या नावाने एक गाठ प्रसिद्ध झाली. मेजरला गाठ मिळाली, मास्तरला बीजगणित.

पुढचा भूकंप १९३८ चा. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो पारदर्शक दोरा त्याचाच. मजबूत, न कुजणारा, पण गुळगुळीत. सुताला घट्ट बसणारी जुनी गाठ त्याच्यावरून निसटू लागली. साध्या निरगाठीने तर त्याची ताकद जवळपास निम्मी होते. तेव्हा जगभरच्या बोटांना नव्याने शिकावे लागले.

सर्वांत सरसकट वापरली जाते ती गाठ अशी. दोरा नेढ्यातून ओवायचा. मोकळ्या टोकाने मूळ दोऱ्याला पाच-सहा वेढे द्यायचे. ते टोक नेढ्यालगतच्या पहिल्या फटीतून परत आणायचे आणि त्यामुळे झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा काढायचे. मग थुंकी लावून हळूहळू ओढायचे. थुंकी कशाला? कोरडे ओढले तर घासून नायलॉन तापते आणि तिथेच कमजोर होते. वेढे इतके का? हे मात्र मला कॉमर्समुळे चटकन कळले. वेढ्यांची पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. एका वेढ्याने पकड पाचपट झाली असे धरले, तर दोन वेढ्यांनी पंचवीसपट, तीन वेढ्यांनी सव्वाशेपट. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने हे मांडून दाखवले. आम्ही त्याला चक्रवाढ व्याज म्हणतो.

सिद्धेश्वरच्या काठावर एक वयस्क भोईमामा हे सारे, न मोजता, एक टोक दातात धरून करताना मी पाहिले. मला चार ओळी लिहायला लागल्या, तेवढ्या वेळात त्यांचे तीन गळ बांधून झाले. मी विचारले, "मामा, या गाठीला काय म्हणतात?"

ते हसले. "सायेब, गाठीला कशाचं आलंय नाव? गाठ म्हंजी गाठ."

"शिकलात कुणाकडून?"

"बापाचं बघून."

"आणि मुलाला येते?"

त्यांनी दोरा दातानेच तोडला. "त्यो पुण्याला कंपनीत हाय. सुट्टीला आला की दुकानातला बांधून आलेला गळ आणतोय. पाकिटातला."

यात मुलाचे काही चुकले नाही. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, मासा येईलच असे नाही, हे बँकेत बसून मीही रोज पाहतो. पण हिशेबनिसाची सवय म्हणून शिल्लक काढून पाहिली. गळ शंखाचा असो, तांब्याचा की पोलादाचा, तो जमिनीत पडून राहतो आणि केव्हातरी संग्रहालयात पोचतो. गाठीला असे खाते नाही. अमेरिकेत क्लिफर्ड ॲशली यांनी १९४४ साली ३,८०० हून अधिक गाठी पुस्तकात नोंदवल्या. पण नोंद म्हणजे ठेव नव्हे. गाठ जिवंत राहते ती एकाच रीतीने: एकाने बांधायची, दुसऱ्याने शेजारी बसून बघायची. बारा हजार वर्षे हा व्यवहार बिनपावतीचा चालला, आणि एकाही पिढीने हप्ता चुकवला नाही म्हणून तो आपल्यापर्यंत आला. चुकला, तर थकबाकीची नोटीससुद्धा कुणाला जाणार नाही. सुटलेल्या गाठीमागे उरतो तो नुसता सरळ दोरा. आणि सरळ दोऱ्याकडे बघून कुणाला सांगता येणार, की इथे कधी गाठ होती?