विल्यम्सबर्गची लोहारशाळा

ड्यूक ऑफ ग्लॉस्टर रस्त्यावरच्या उन्हातून जेम्स अँडरसनच्या लोहारशाळेत शिरणाऱ्या पाहुण्याला क्षणभर काहीच दिसत नाही. हा अंधार कामाचा आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग हेच लोहाराचे मोजमाप, आणि भडक उजेडात तो रंग कळत नाही. लालसर लोखंड वाकवता येते, पिवळे सहज घडते. दोन तुकडे सांधायचे तर ते जवळजवळ पांढरे व्हावे लागतात. त्याहून चार क्षण अधिक भट्टीत राहिले, तर ठिणग्या फेकत जळू लागतात.

अमेरिकेतील विल्यम्सबर्ग हे १६९९ पासून व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीचे राजधानीचे गाव. येथील लोहार नवे घडवण्यापेक्षा जुने दुरुस्त करण्यात अधिक गुंतलेला असे, कारण तयार माल इंग्लंडहून येई. ही केवळ व्यापाराची रीत नव्हती. १७५० च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने वसाहतींतील कच्च्या लोखंडाच्या निर्यातीस उत्तेजन दिले; लोखंडाच्या पट्ट्या चिरणाऱ्या नव्या गिरण्या आणि पोलादाच्या नव्या भट्ट्या उभारण्यास मात्र मनाई केली. हा हिशेब भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१७७५ मध्ये युद्ध पेटले आणि इंग्लंडचा माल थांबला. (त्याच वर्षांत पुणे दरबाराशीही इंग्रजांचे युद्ध जुंपले होते, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.) अँडरसनची दुरुस्तीची शाळा आता राज्याचे शस्त्रागार झाली. बंदुकांची डागडुजी, कुऱ्हाडी, खिळे, गाड्यांचे सामान अशी कामे वाढत गेली आणि भरभराटीच्या दिवसांत तेथे सुमारे चाळीस माणसे राबत होती. त्यांत शिकाऊ मुले होती, फ्रेंच बंदूक-कारागीर होते आणि गुलामही होते. स्वातंत्र्यासाठी शस्त्रे घडवणाऱ्या भट्टीपुढे ज्यांना स्वतःचे स्वातंत्र्य नव्हते असे हात राबत होते. त्या काळी गावाची सुमारे निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि त्यांतील बहुतेक गुलाम होते. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली, तिच्यामागून अँडरसनही गेला.

आज दिसणारी इमारत अर्थातच मूळची नव्हे. उत्खननात सापडलेले पाये आणि अँडरसनच्या उरलेल्या हिशेबवह्या यांच्या आधारे ती १९८० च्या दशकात प्रथम उभारली गेली. पुढील संशोधनात तिचे रूप पुराव्याशी जुळेना, तेव्हा संग्रहालयाने ती पाडली आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात शस्त्रागाराची सारी वास्तू नव्याने बांधली. स्वतःचीच चूक सर्वांसमक्ष पाडून टाकणारी संग्रहालये थोडी असतात. नव्या बांधकामाचे पुष्कळ खिळे तेथील लोहारांनीच घडवले.

खिळा घडताना पाहावा. भात्याचा दांडा खाली येतो, निखारे फुलतात. सळईचे टोक ऐरणीवर चार बाजूंनी ठोकून निमुळते होते, छिन्नीवर अर्धवट तोडले जाते, साच्याच्या भोकात अडकवून मोडले जाते. मग वरून चार-पाच घाव बसतात आणि माथा उमलतो. लोखंड लाल आहे तोवर हे सारे उरकावे लागते. लोहार साचा पाण्यात बुडवतो, खिळा आपोआप सुटून खाली पडतो, आणि तो पुन्हा सळई निखाऱ्यांत खुपसतो.