पाळण्याची राखण

जुन्या शाळांचे हजेरीपट चाळून पाहिले, तर दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे पानोपानी भेटतात. आजच्या मुलांना ती वाचून हसू येते. ती नावे ठेवणाऱ्या आयांना मात्र हसू येत नव्हते. ज्या घरातली दोन-तीन मुले पाळण्यातूनच उठून गेली, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दामच असे नाव देत. दगडावर कोण डोळा ठेवणार? केर कोण पळवून नेणार? कुठे मूल उकिरड्यावर टाकल्यासारखे करून उचलून आणीत, तर कुठे शेजारणीला पसाभर धान्याला विकून परत मागून घेत. मृत्यूची दिशाभूल करण्याचा हा आईबापांचा खेळ होता, आणि तो खेळताना त्यांचा जीव कंठाशी आलेला असे.

लहान मुलाच्या संगोपनाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात येथूनच करावी लागते. अंगडे-टोपडे, कुंची, घुंगुरवाळा, पाळण्यावरचे चिमण्यांचे झुंबर या साऱ्या कौतुकाच्या मागे एक न बोललेले भय उभे असे. गालावरची काजळाची तीट, मनगटातले काळे मणी, तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी काढलेली दृष्ट, ही त्या भयाचीच लेणी होती. कौतुक करायचे तेही जरा दबकत. ‘बाळ गुटगुटीत आहे हो!’ असे कोणी मोकळेपणी म्हटले, की आजीच्या कपाळाला आठी पडे.

बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली. दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, वावडिंग आणि ओव्याची धुरी. नाळ घरातल्या विळ्याने किंवा जे हाताशी सापडेल त्याने कापली जाई. वर कुठे राख, तर कुठे शेण लावीत. मग पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होई. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. मध्यरात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. त्या रात्री बाळाला एकटे ठेवायचे नाही, दिवा विझू द्यायचा नाही.

हीच रात्र का निवडली असेल? आजचे वैद्यक याचे एक उत्तर सुचविते. नाळेच्या जखमेतून शिरणारा धनुर्वात नवजात बाळाला बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी गाठतो. चार-पाच दिवस अंगावर नीट पिणारे मूल एकाएकी दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे पाहिले असणार. धोक्याची वेळ त्यांनी बिनचूक हेरली होती. ठाऊक नव्हते ते कारण. धनुर्वाताचा जंतू कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली वेगळा करून दाखविला. गर्भवतीला टोचायची लस आणि नाळेसाठी उकळलेले पाते एवढ्या दोन साध्या गोष्टींनी सटवाईच्या लेखणीतली शाई आटवली. भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

त्याहून मोठे भय देवीचे. रोगालाच देवी म्हणायचे, ‘देवी आल्या’ असे अदबीने बोलायचे. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावायचे, घरात फोडणी द्यायची नाही, आणि आईने पदर पसरून बसायचे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात यशस्वी झालेले हे पहिले लसीकरण. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. तिला थंड ठेवण्याची सोय त्या काळी नव्हती. म्हणून एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात, त्याचा तिसऱ्याच्या, अशी ती जिवंत साखळी चाले. अ‍ॅनाच्या दंडावरून ती साखळी पुढे इतर गावी गेली. लहान मुलांनीच लहान मुलांना वाचविले, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे.

तरीही लोक टोचणाऱ्याला पाहून मुले लपवीत. मुंबईत १८७७ साली कायद्याने टोचणे सक्तीचे करावे लागले. पण मराठी घराने या परक्या गोष्टीला कसे आपलेसे केले पाहा. लस टोचण्याला नाव दिले ‘देवी काढणे’! जुन्या देवतेचा अपमान नाही आणि नव्या विद्येचा अव्हेरही नाही. दंडावरचे ते गोल वण घेऊन दोन-तीन पिढ्या वाढल्या. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही, आणि १९८० साली साऱ्या जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले.

विद्या घरात शिरायची, तर तिला घरातल्या माणसाचे रूप घ्यावे लागते, हे ज्यांना फार लवकर उमगले त्यांत आनंदीबाई जोशी होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहाच दिवस जगला. बारशाचा बारावा दिवस त्या बाळाने पाहिलाच नाही. परपुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत मज्जाव, आणि बाई डॉक्टर तर कोठेच नाही. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करताना आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत ते सांगितले. देशाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हे त्यातले मुख्य कारण. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, त्या गेल्या. वाट मात्र उघडी राहिली.

आजीबाईंकडे विद्या नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. सहाणेवर बाळगुटी उगाळताना मुरडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड यांचे कोणते किती वेढे घ्यायचे, हे त्यांच्या बोटांना पाठ असे. आज डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावे हेच बरे. पहिला चीक काढून टाकण्याची कित्येक घरांतली चाल तर सरळ नुकसानीची होती. पण पायांवर पालथे घेऊन तेल चोळणे, ऊन पाण्याने न्हाऊ घालून उबेत गुंडाळणे, अंगाई गात निजविणे, यातल्या स्पर्शाचे मोल आजचे शास्त्रही मानते.

आणि ज्या घरात आजीच नव्हती? मुंबईच्या गिरणगावात पहाटेच्या भोंग्याला आई निघून जाई. तिच्या माघारी तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारीत. त्या आईला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? तिची मजुरी बुडाली तर चूल पेटत नसे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सोय बंधनकारक केली. बाळाची राखण हा केवळ घरचा मामला नाही, हे सरकारदरबारी प्रथमच नोंदले गेले.

मूल जगले की त्याला वळण लावायचे. तेथेही भय होतेच. फक्त आता ते मुलाच्या वाट्याला येई. ‘झोप, नाही तर बागुलबुवा येईल!’ गंमत अशी, की चरकसंहितेच्या शारीरस्थानात याची साफ मनाई आहे. मूल रडले वा जेवले नाही तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तेथे सांगितले आहे. खेळणी रंगीत, आवाज करणारी, हलकी असावीत. टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत आणि भीतिदायकही नसावीत. हे शहाणपण पोथीत राहिले आणि बागुलबुवा घरात राहिला! तो घालविण्याचे काम गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हाती घेतले. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ पासून सरकारी योजनेतून हा शब्द देशभर पोचला.

जी गोष्ट शिक्षणात झाली, तीच पुढे गडचिरोलीत औषधपाण्यात झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तेथल्या गावांतल्याच बायकांना नवजात बाळाची निगा शिकविली. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. शेजारची ओळखीची बाई, म्हणून तिला बाळंतिणीच्या खोलीचे दार उघडे. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग झाला. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजारी ६२ होते, ते सुमारे २५ वर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापून आली, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरी जाऊन बाळ तपासण्याची योजना देशभर सुरू झाली.

१९७१ साली भारतात दर हजार जन्मांमागे १२९ मुले पहिला वाढदिवस न पाहताच जात; २०२० साली हा आकडा २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. सोळा म्हणजे थोडे, असे ज्या घरचे मूल गेले त्याला सांगता येत नाही. म्हणून राखण संपलेली नाही. आशाताईंच्या भेटींचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, आणि असेच बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. सातव्या दिवशी ती येते, बाळाला झोळीच्या काट्याला लावते, वजन वाचते आणि आपल्या कागदावर लिहून घेते. आदल्याच रात्री कदाचित त्या घरात आजीने सटवाईपुढे कोरा कागद ठेवलेला असेल. आजीला त्यात काही विसंगत वाटत नाही. दारात आलेल्या बाईला ती आधी पाणी देते आणि मग विचारते, ‘भरलंय ना गं वजन?’