पोर्शे टायकन: सस्पेन्शन आणि प्रवाससुख

पोर्शे टायकन ही जर्मनीतील पोर्शे या कंपनीने नियमित उत्पादनात आणलेली, संपूर्णपणे विजेवर चालणारी पहिली मोटार आहे. एकाच मूळ रचनेवर आधारलेल्या तिच्या अनेक आवृत्त्या असून स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, अँटी-रोल बार, चाके आणि टायर यांची निवड आवृत्तीनुसार बदलते. त्यामुळे एकाच रस्त्यावर या आवृत्त्यांतील प्रवाशांना जाणवणारे हादरेही सारखे नसतात. आवृत्ती जितकी वेगवान आणि महाग, तितकी ती अधिक कडक, असा सर्वसाधारण समज आहे. टायकनच्या बाबतीत तो पूर्णपणे खरा ठरत नाही. प्रवाससुख हे कोणत्याही एका भागाच्या ताठरतेवर नव्हे, तर या सर्व भागांच्या परस्परमेळावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

२०१५ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ‘मिशन ई’ ही संकल्पनात्मक मोटार सादर केली. तिच्यातून विकसित झालेल्या टायकनचे अनावरण ४ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. तिचे उत्पादन श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागातील कारखान्यात होते. आरंभी टर्बो आणि टर्बो एस या आवृत्त्या आल्या. विजेच्या मोटारीत टर्बोचार्जर नसतो. ‘टर्बो’ हे येथे केवळ श्रेणीचे नाव आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ४एस, जानेवारी २०२१ मध्ये केवळ मागील चाकांना शक्ती देणारी प्राथमिक आवृत्ती, मार्च २०२१ मध्ये क्रॉस टुरिस्मो आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीएस सादर झाली. भारतात टायकनची विक्री नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व श्रेणीची सुधारित मालिका आणि मार्च २०२४ मध्ये टर्बो जीटी ही आवृत्ती आली.

ताठरता आणि नैसर्गिक वारंवारता

स्प्रिंग ठरावीक अंतराने दाबण्यासाठी लागणारे बल म्हणजे तिची ताठरता होय. ती न्यूटन प्रति मिलिमीटर या एककात मोजतात. मात्र केवळ या आकड्यावरून मोटार कडक की मऊ हे सांगता येत नाही. स्प्रिंगवर किती वस्तुमान तोललेले आहे, हेही पाहावे लागते. ताठरता आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढून त्याला २π ने भागले, की मोटारीची नैसर्गिक वारंवारता मिळते. धक्का बसल्यानंतर मोटार एका सेकंदात किती वेळा वरखाली होऊ पाहते, हे ती सांगते.

उदाहरणार्थ, एका चाकाच्या वाट्याला ५०० किलोग्रॅम वस्तुमान येत असेल आणि तेथील परिणामी ताठरता ३० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर वारंवारता सुमारे १.२ हर्ट्झ येते. ताठरता दुप्पट, म्हणजे ६० केली, तर ती सुमारे १.७ हर्ट्झ होते. ताठरता दुप्पट झाली तरी वारंवारता सुमारे ४१ टक्केच वाढते. सामान्य प्रवासी मोटारींत ही वारंवारता साधारणपणे १ ते १.५ हर्ट्झ असते. स्पोर्ट्स कारमध्ये ती त्याहून अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. वारंवारता वाढली की मोटार वळणावर आणि ब्रेक लावताना कमी झुकते. परंतु रस्त्यावरील उंचवटे शरीरापर्यंत अधिक पोहोचतात.

स्प्रिंगची हालचाल आटोक्यात ठेवण्याचे काम शॉक अब्सॉर्बर करतो. तो फार सैल असेल तर मोटार हेलकावे खात राहते आणि फार घट्ट असेल तर लहान खड्डाही ठोक्यासारखा जाणवतो. अँटी-रोल बार हा दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा दांडा वळणावरील झुकाव कमी करतो. पण एकाच चाकाखाली उंचवटा आला, की त्याचा काही भाग दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो. अशा वेळी प्रवाशांची डोकी डावीउजवीकडे डुलतात. म्हणून स्प्रिंग मऊ असूनही अँटी-रोल बार जाड असेल, तर खराब रस्त्यावर मोटार सुखकर वाटत नाही.

विद्युत मोटारीपुढील अडचण

प्रारंभीच्या मालिकेतील टायकनच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ९३.४ किलोवॅट-तास आणि वजन सुमारे ६३० किलोग्रॅम होते. प्राथमिक आवृत्तीचे वजन २,०५० किलोग्रॅम, तर टर्बो एसचे २,२९५ किलोग्रॅम होते. वस्तुमान वाढले की तीच वारंवारता राखण्यासाठी स्प्रिंगही त्या प्रमाणात ताठर करावी लागते. एका चाकावरील वस्तुमान ४०० किलोग्रॅम असते, तर वरील उदाहरणातील १.२ हर्ट्झसाठी ३० ऐवजी २४ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठरता पुरली असती. जड मोटारीच्या स्प्रिंगचा आकडा मोठा दिसतो, याचा अर्थ ती कडक आहे असा होत नाही, तो त्यामुळेच.

बॅटरीचा एक लाभही आहे. ती तळाशी सपाट पसरलेली असल्याने मोटारीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर मोटारीला कलंडू पाहणारे बलाघूर्ण घटते. त्यामुळे झुकाव रोखण्यासाठी अतिशय जाड अँटी-रोल बारची गरज कमी होते. दुसरीकडे, विद्युत मोटारीत इंजिनाचा आवाज नसल्याने टायरांची घरघर आणि सस्पेन्शनचे ठोके अधिक स्पष्ट ऐकू येतात. हादरा तितकाच असला तरी शांततेमुळे तो मोठा भासू शकतो.

आवृत्त्यांनुसार रचना (२०१९ ते २०२३)

टायकनच्या सर्व आवृत्त्यांत पुढे दुहेरी विशबोन आणि मागे मल्टी-लिंक पद्धतीचे सस्पेन्शन आहे. फरक आहे तो स्प्रिंगमध्ये आणि तिच्या नियंत्रणात.

प्राथमिक आवृत्ती: हिच्यात पोलादी स्प्रिंग आणि विद्युत नियंत्रित शॉक अब्सॉर्बर होते. पोलादी स्प्रिंगची ताठरता कायम एकच असते. मागील आसनांवर माणसे बसली आणि सामान भरले, की वस्तुमान वाढते, मोटार खाली बसते आणि नैसर्गिक वारंवारता घटते. शॉक अब्सॉर्बर घट्ट किंवा सैल होऊ शकत असला, तरी मूळ ताठरता बदलता येत नाही. हवेची स्प्रिंग अतिरिक्त किमतीला घेता येत असे.

४एस, टर्बो आणि टर्बो एस: यांत तीन कप्प्यांची हवेची स्प्रिंग मूळ किमतीतच मिळे. हवेच्या स्प्रिंगची ताठरता बंदिस्त हवेच्या आकारमानावर अवलंबून असते. तिन्ही कप्पे एकमेकांना खुले असताना हवेला दबायला जागा अधिक असते, म्हणून स्प्रिंग मऊ राहते. झडप बंद करून एखादा कप्पा वेगळा काढला, की आकारमान घटते आणि तीच स्प्रिंग ताठर होते. भार वाढल्यावर हवेचा दाब वाढवून मोटार पूर्वीच्या उंचीवर आणली जाते. त्याबरोबर ताठरताही वाढते आणि वारंवारता जवळपास तीच राहते. चार माणसे आणि सामान घेऊन लांबचा प्रवास करताना हा गुण विशेष उपयोगी पडतो. वेग वाढल्यावर मोटार आपोआप खाली येते. ‘स्मार्टलिफ्ट’ या सोयीमुळे नेहमीच्या वाटेवरील गतिरोधक किंवा चढाचे प्रवेशमार्ग उपग्रहाधारित स्थाननोंदीवरून ओळखून मोटार त्या ठिकाणी स्वतःहून उंच होते.

जीटीएस: हवेची स्प्रिंग असलेल्या या आवृत्तीत नियंत्रणाची जुळणी वळणांवरील चपळतेला प्राधान्य देणारी आहे. यंत्रभाग बहुतांशी तेच असूनही केवळ जुळणी बदलून स्वभाव कसा बदलता येतो, याचे हे उदाहरण होय.

क्रॉस टुरिस्मो: हिची जमिनीपासूनची उंची साध्या टायकनपेक्षा २० मिलिमीटरने अधिक असून हवेची स्प्रिंग मूळ किमतीतच मिळे. खडीच्या रस्त्यासाठी तिच्यात वेगळी चालनपद्धती आहे. चाकाला वर जाण्यास अधिक वाव असल्याने खड्ड्यात स्प्रिंगची हालचाल संपून बसणारा आघात टळण्याची शक्यता वाढते.

चाके आणि टायर

सस्पेन्शनच्या चर्चेत टायरचा विचार पुष्कळदा मागे पडतो. वस्तुतः टायरमधील हवा ही रस्त्याला भेटणारी पहिली स्प्रिंग होय. चाकाचा व्यास वाढवला आणि बाहेरील एकूण व्यास तेवढाच ठेवला, की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची कमी होते. प्रारंभीच्या मालिकेत ४एसला १९ इंची, टर्बोला २० इंची आणि टर्बो एसला २१ इंची चाके मूळ किमतीत मिळत. त्यांच्या पुढील टायरांचे माप पुढीलप्रमाणे आहे.

| चाकाचा व्यास | पुढील टायर | रुंदी | भिंतीची उंची (सुमारे) |
|---|---|---|---|
| १९ इंच | २२५/५५ | २२५ मिमी | १२४ मिमी |
| २० इंच | २४५/४५ | २४५ मिमी | ११० मिमी |
| २१ इंच | २६५/३५ | २६५ मिमी | ९३ मिमी |

या मापातील दुसरी संख्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण दाखवते. २२५ च्या ५५ टक्के म्हणजे सुमारे १२४ मिलिमीटर. १९ वरून २१ इंचांवर गेल्यास भिंतीची उंची ३१ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे पाव हिश्श्याने घटते. तीक्ष्ण कडांचे खड्डे, पुलांवरील सांधे आणि फरसबंदी यांवर हा फरक लगेच जाणवतो; शिवाय रिम वाकण्याचा धोकाही वाढतो. मोठी चाके सहसा जडही असतात. चाक, टायर आणि ब्रेक यांचा भार स्प्रिंगवर तोललेला नसतो. हा भार जितका अधिक, तितके चाकाला रस्त्याच्या चढउताराबरोबर हलणे कठीण जाते. टर्बो एसमध्ये मूळ किमतीत असलेले सिरॅमिक ब्रेक ओतीव लोखंडाच्या ब्रेकपेक्षा हलके असल्याने या भारात काही घट होते. परिणामी, हवेची स्प्रिंग आणि १९ इंची चाके असलेली ४एस ही तीच स्प्रिंग पण २१ इंची चाके असलेल्या मोटारीपेक्षा तुटक्या रस्त्यावर अधिक सौम्य ठरते.

२०२४ ची सुधारित मालिका

फेब्रुवारी २०२४ पासून प्राथमिक आवृत्तीसह सर्व टायकनमध्ये हवेची स्प्रिंग मूळ किमतीत मिळू लागली. आता तिच्यात तीनऐवजी दोन कप्पे आहेत. मात्र शॉक अब्सॉर्बरमध्ये दोन झडपा आल्या. त्यामुळे स्प्रिंग दबताना आणि प्रसरण पावताना होणारा विरोध स्वतंत्रपणे ठरवता येतो. उंचवट्यावर चढताना सैल आणि त्यानंतर मोटारीची उसळी थोपवताना घट्ट, असे दुहेरी वर्तन त्यामुळे शक्य झाले.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्त्यांसाठी ‘पोर्शे अ‍ॅक्टिव्ह राइड’ ही प्रणाली उपलब्ध झाली. तिच्यात प्रत्येक शॉक अब्सॉर्बरला विजेवर चालणारा स्वतंत्र तेलपंप जोडलेला असतो. नेहमीचा शॉक अब्सॉर्बर हालचालीला केवळ विरोध करतो. हा मात्र स्वतः बल निर्माण करून चाक वर ओढू किंवा खाली ढकलू शकतो. झुकाव रोखण्याचे कामही पंपच करत असल्याने अँटी-रोल बारची आवश्यकता उरत नाही आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे जात नाही. स्प्रिंगला केवळ मोटारीचे वजन पेलायचे असल्याने एक कप्पा पुरतो. मोटार वळणावर आतील बाजूस कलू शकते, तसेच ब्रेक लावताना पुढे झुकण्याऐवजी समतल राहते. मऊ स्प्रिंग आणि झुकावावरील नियंत्रण या आजवर परस्परविरोधी मानल्या गेलेल्या गोष्टी येथे एकत्र येतात.

हीच प्रणाली टर्बो जीटी या सर्वांत वेगवान आवृत्तीत, शर्यतमार्गाला अनुकूल अशा जुळणीसह, मूळ किमतीतच आहे. वायसाख पॅकेज घेतल्यास हिच्यातील मागील आसने काढून टाकलेली असतात. अशा मोटारीने नुर्बुर्गरिंगच्या उत्तर मार्गाची फेरी ७ मिनिटे ७.५५ सेकंदांत पूर्ण केली; चालक लार्स केर्न होते. एकच यंत्रणा एका आवृत्तीत आरामासाठी, तर दुसरीत शर्यतीसाठी वापरली जाते.

समकालीन मोटारींशी तुलना

टायकनचीच मूळ रचना वापरणारी आउडी ई-ट्रॉन जीटी फेब्रुवारी २०२१ मध्ये सादर झाली. तिच्या आरएस आवृत्तीत तीन कप्प्यांची हवेची स्प्रिंग मूळ किमतीतच होती. म्हणजे तेथेही अधिक शक्तिमान आवृत्तीलाच आरामाचे अधिक साधन मिळाले. टेस्ला मॉडेल ३ ची परंपरा वेगळी आहे. तिच्या सर्व आवृत्त्यांत पोलादी स्प्रिंग असून पूर्वीच्या परफॉर्मन्स आवृत्तीचे शॉक अब्सॉर्बरही न बदलणारे होते. २०२४ च्या परफॉर्मन्स आवृत्तीत मात्र परिस्थितीनुसार बदलणारे शॉक अब्सॉर्बर देण्यात आले.

प्रवाससुखाचे मोजमाप

शरीराला जाणवणाऱ्या कंपनांचे मूल्यमापन आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केले जाते. आसनावर बसवलेल्या संवेदकाने त्वरण नोंदवून मानवी संवेदनेनुसार त्याला भार दिला जातो. उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना माणसाचे शरीर सर्वाधिक संवेदनशील असते. ०.५ हर्ट्झहून मंद हेलकाव्यांमुळे मळमळ होऊ शकते. म्हणजेच अतिशय मऊ मोटारही सुखकर असतेच असे नाही. मानकात दिलेल्या ढोबळ निकषांनुसार भारित त्वरण ०.३१५ मीटर प्रति वर्ग सेकंद यापेक्षा कमी असल्यास ते त्रासदायक मानले जात नाही, तर २ पेक्षा अधिक असल्यास अत्यंत त्रासदायक मानले जाते.

दोन आवृत्त्यांची तुलना ग्राह्य ठरण्यासाठी रस्ता, वेग, टायरमधील हवेचा दाब, मोटारीतील भार आणि निवडलेली चालनपद्धती समान असावी लागते. एका मोटारीला १९ आणि दुसरीला २१ इंची चाके असतील, तर जाणवलेला फरक आवृत्तीचा की टायरचा, हे ठरवता येत नाही. म्हणून टायकनसारख्या मोटारीची आवृत्ती निवडताना तिच्या नावापेक्षा स्प्रिंगचा प्रकार, शॉक अब्सॉर्बरची रचना आणि चाकाचा व्यास या तीन बाबी अधिक निर्णायक असतात. यांपैकी चाकाचा व्यास ही बाब ग्राहकाला सहज बदलता येते.