मेहली मेहता : व्हायोलिनच्या गजाकडून संचालकाच्या छडीकडे

झुबिन मेहता यांचे वडील, एवढीच मेहली मेहता यांची ओळख आपल्याकडे अनेकांना असते. ती खोटी नाही, पण फार अपुरी आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण देणारी व्यवस्था नावापुरतीच असलेल्या मुंबईत त्यांनी 1935 मध्ये संपूर्ण वाद्यवृंद उभा केला. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन ते परदेशी गुरूसमोर बसले आणि पन्नाशी उलटल्यावर अमेरिकेत तरुण वादकांची शाळाच त्यांनी चालवली. व्हायोलिनवादक, वाद्यवृंद संचालक आणि शिक्षक अशा तिन्ही नात्यांनी ही कारकीर्द सहा दशकांहून अधिक काळ चालली.

संचालक म्हणजे काय?

खान्देशातील रसिकांना संगीताच्या साथीची एक पद्धत चांगली परिचित आहे. बालगंधर्वांच्या संगीत नाटकांत ऑर्गन, सारंगी आणि तबला गायकाच्या मागे जात. गायकाने तान लांबवली की साथीदारही थांबत. लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये मात्र बँडमास्तरांचा इशारा महत्त्वाचा असतो. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद या दुसऱ्या प्रकाराला अधिक जवळचा आहे. तेथे साठ ते शंभर वादक एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी वाजवतात. प्रत्येकासमोर लिहिलेले स्वरलेखन असते आणि कोणाला आयत्या वेळी नवी जागा घेण्याची मुभा नसते. या सर्वांना एका लयीत बांधणारा तो संचालक, म्हणजेच कंडक्टर.

छडी घेऊन उभा राहणारा असा स्वतंत्र संचालक मात्र फार जुना नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकात, म्हणजे युरोपीय संगीताच्या बरोक कालखंडात, वाद्यवृंदाचे नेतृत्व बहुधा पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्डवादक वाजवता वाजवताच करीत असे. व्हेनिसचे अंतोनियो विवाल्दी (1678-1741) हे त्याचे ठळक उदाहरण. 1703 मध्ये ते तेथील अनाथ मुलींच्या आश्रमात व्हायोलिनचे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या मुलींच्या वाद्यवृंदाची कीर्ती पुढे युरोपभर पसरली. वाद्यवृंदांचा आकार वाढत गेला तसे एकोणिसाव्या शतकात संचालकाचे पद वेगळे झाले. तरीही पहिल्या व्हायोलिनवादकाचा मान कायम राहिला. आजही वाद्यवृंदाची वाद्ये जुळवून घेणे आणि तंतुवाद्यांच्या गजांची दिशा ठरवणे ही कामे तोच करतो. मेहली मेहता यांची वाटचाल याच जुन्या परंपरेतून झाली. आधी व्हायोलिन घेऊन नेतृत्व, नंतर छडी घेऊन संचालन.

मुंबईतील वीस वर्षे

मेहली मेहता यांचा जन्म 25 सप्टेंबर 1908 रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. व्हायोलिन ते बहुतांशी स्वतःच्या मेहनतीने शिकले. याच काळात महाराष्ट्रात व्हायोलिनला दुसरी वाटही मिळत होती. गजाननबुवा जोशी आणि पुढे व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे वाद्य हिंदुस्थानी रागसंगीतात रुजवले. वाद्य तेच, पण ते धरण्याची रीत, तारांची जुळणी आणि वाजवण्यामागचा विचार पूर्णपणे वेगळा. मेहली यांनी निवडलेली वाट संख्येने अगदी थोड्या श्रोत्यांची होती.

1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पहिली दहा वर्षे ते या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते आणि नंतर त्याचे संचालक झाले. वादक मिळवणे हीच मोठी कसोटी होती. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन वाचायला शिकलेले गोमंतकीय वादक हा वाद्यवृंदाचा कणा होता. त्यांतील अनेकांचे पोट हॉटेले आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण यांवर चाले. त्यांच्या जोडीला पारशी हौशी वादक असत आणि फुंकून वाजवण्याच्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादकांची मदत घेतली जाई. पूर्ण वेळचा पगारी वाद्यवृंद मुंबईला परवडणारा नव्हता. 1940 मध्ये मेहली यांनी दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो असलेले बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही सुरू केले.

त्या काळी मुंबईतील मोठ्या मैफली कावसजी जहांगीर सभागृहात होत. याच वास्तूत 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. 1952 मध्ये जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांना साथ करण्याचा मान मेहली यांच्या वाद्यवृंदाला मिळाला. याच दौऱ्यातील एका तालमीत किशोरवयीन झुबिनने वाद्यवृंद हाताळला. वैद्यकीय शिक्षणाकडे वळवलेला हा मुलगा अखेर 1954 मध्ये संगीत शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेला.

पुन्हा विद्यार्थी

आपल्या वादनातील उणिवा मेहली यांना ठाऊक होत्या. 1945 मध्ये, संसार आणि दोन लहान मुले मुंबईत ठेवून, ते न्यूयॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे शिकायला गेले. गालामियन हे विसाव्या शतकातील व्हायोलिनच्या सर्वांत मोठ्या शिक्षकांपैकी एक. पुढे इत्झाक पर्लमन आणि पिंकास झुकरमन हेही त्यांचेच शिष्य झाले. ज्या वयात नामवंत वादक शिष्य तयार करू लागतात, त्या वयात मेहली यांनी गजाची पकड आणि बोटांची शिस्त नव्याने गिरवली.

परतल्यावर त्यांनी मुंबईत आणखी काही वर्षे काम केले. 1955 मध्ये मात्र त्यांनी देश सोडला. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जॉन बार्बिरोली यांच्या हॅले वाद्यवृंदात ते सहायक प्रमुख व्हायोलिनवादक झाले. स्वतःचा वाद्यवृंद चालवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या वाद्यवृंदात दुय्यम जागा स्वीकारली, कारण तेथे रोज उत्तम संगीत वाजत होते. त्यानंतर ते अमेरिकेतील फिलाडेल्फियात गेले आणि तेथील कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनची जागा त्यांनी सांभाळली.

तरुणांचा वाद्यवृंद

1964 मध्ये मेहता कुटुंब लॉस एंजेलिसला आले. झुबिन तेव्हा तेथील फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संगीत संचालक होते. पंचावन्नी गाठलेल्या मेहली यांनी मुलाच्या सावलीत राहण्याऐवजी स्वतःचे काम शोधले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत त्यांनी विद्यार्थी वाद्यवृंदाची जबाबदारी घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकन यूथ सिंफनीची स्थापना केली. व्यावसायिक वाद्यवृंदात अजून जागा न मिळालेले तरुण वादक तेथे घेतले जात. मैफली श्रोत्यांसाठी विनामूल्य असत. तेहतीस वर्षे मेहली यांनी हे काम केले. 1998 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा नव्वदी जवळ आली होती. त्यांच्या हाताखालून गेलेले वादक अमेरिकेतील अनेक मोठ्या वाद्यवृंदांत पोहोचले. 19 ऑक्टोबर 2002 रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

मागे उरले ते

या कारकिर्दीतील एक बाजू विचार करायला लावणारी आहे. मेहली गेल्यानंतर मुंबईतील वाद्यवृंदाला पूर्वीचे स्थैर्य लाभले नाही. त्यांच्याबरोबरचे अनेक गोमंतकीय वादक चित्रपटसृष्टीतच राहिले. हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांमागे ऐकू येणारी व्हायोलिनची भरगच्च साथ हे त्यांचेच देणे, पण पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली. देशाला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद मिळण्यासाठी 2006 साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्यातही सुरुवातीला बहुसंख्य वादक परदेशांतून आणावे लागले. पुरेसे शिक्षित वादक येथे तयारच झाले नव्हते.

श्रीमंत देशातही अशा संस्था सुरक्षित नसतात. अमेरिकन यूथ सिंफनी साठ वर्षे चालली आणि 2024 मध्ये आर्थिक कारणांमुळे बंद झाली. वाद्यवृंद एका माणसाच्या जिद्दीवर उभा राहू शकतो. तो टिकण्यासाठी मात्र शिक्षक, श्रोते आणि सातत्याने येणारा पैसा या तिन्हींची गरज असते. मेहली यांच्या नावाने 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेली मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन ही संस्था त्यांतील पहिल्या गरजेकडे लक्ष देते. ती मुलांना लहान वयापासून पाश्चात्त्य संगीत शिकवते. सत्तावीस वर्षांच्या मेहली यांना वाद्यवृंद उभारताना ज्या शाळेची उणीव भासली होती, ती भरून काढण्याचे काम आता त्यांच्या नावावर सुरू आहे.