भीमाकाठचे डिकसळ-भिगवण : जुन्या स्थलनिर्देशक नकाशांचे ऐतिहासिक मूल्य

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात दप्तरातील कागदपत्रांना जे महत्त्व मिळते, ते जुन्या नकाशांना क्वचितच दिले जाते. वस्तुतः जेथे गावठाणच पाण्याखाली गेले, तेथे त्याचे मूळ स्थान निश्चित करण्याचे नकाशा हे एक प्रमुख साधन ठरते. भीमाकाठचा डिकसळ-भिगवण परिसर हे याचे ठळक उदाहरण होय.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्यास व १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. डिकसळजवळ त्याने भीमा ओलांडली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या '४७ जे' या क्षेत्रात हा भाग येतो. १९०५ नंतरच्या आधुनिक मोजणीत एक इंचास एक मैल या प्रमाणावर रंगीत पत्रके तयार होऊ लागली. नदी, लोहमार्ग, वस्त्या आणि समोच्च रेषा यांचा परस्परसंबंध त्यांतून एकत्रितपणे समजतो.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. लोहमार्ग वळवावा लागला आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल रस्तेवाहतुकीसाठी वापरात आला. जुने पळसदेव जलाशयात गेले. धरणानंतरच्या नकाशात या जागी निळा विस्तार दिसतो. प्रत्यक्षात मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि गाळपेर जमिनीत पिके उभी राहतात. नकाशातील काठ स्थिर असतो. जलाशयाचा काठ ऋतूनुसार सरकतो.

तथापि, स्थलनिर्देशक नकाशाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. जागा कोठे होती हे तो सांगतो. ती कोणाची होती हे सांगत नाही. त्यासाठी महसुली मोजणीचे गावनकाशे पाहावे लागतात. मुंबई इलाख्यातील गोल्डस्मिड व विंगेट यांच्या मोजणीचा प्रारंभ १८३६ च्या सुमारास याच इंदापूर तालुक्यात झाला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे. ज्या तालुक्यात शेताशेताची हद्द प्रथम कागदावर आली, तेथीलच अनेक हद्दी पुढे पाण्याखाली गेल्या.

सारांश, धरणग्रस्तांच्या इतिहासासाठी हे दोन्ही प्रकारचे नकाशे शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे. एकात गावाचे स्थान टिकले आहे, दुसऱ्यात त्यावरील हक्क. यांपैकी एकच जपला गेला, तर विस्थापितांचा इतिहास अपुराच राहील.