मठाचा मळा आणि द्वारपालाचे आभार

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनोच्या डोंगरावर आपल्या मठबंधूंसाठी जी नियमावली सिद्ध केली, तिची ७३ प्रकरणे आहेत. त्यांतील ६६ वे प्रकरण मठाच्या द्वारपालाविषयी आहे. दारावर एखादा समंजस वृद्ध असावा, त्याची खोली दारालगत असावी आणि कोणी दार ठोठावले किंवा एखाद्या गरिबाने हाक मारली, की त्याने तत्काळ ‘देओ ग्रात्सियास’, म्हणजे ‘देवाचे आभार’, असे म्हणावे अथवा आशीर्वाद मागावा, अशी तेथे आज्ञा आहे. याच छोट्याशा प्रकरणात पुढे सांगितले आहे, की पाणी, धान्य दळण्याची सोय आणि भाजीपाल्याचा मळा शक्यतो मठाच्या आवारातच असावा.

मळ्यासाठी दिलेले कारण साधे आहे. बंधूंना गरजेपोटी बाहेर भटकावे लागू नये, कारण तसे भटकणे त्यांच्या आत्म्याला हितकर नाही. म्हणजे हा मळा मुळात भिंतीच्या आतला, स्वतःच्या निर्वाहाचा. मग त्याचा शेजाऱ्याशी संबंध कोणता? त्याचे उत्तर नियमावलीच्या इतर प्रकरणांत सापडते. ३१ वे प्रकरण कोठाराच्या अधिकाऱ्याला बजावते, की आजारी, मुले, पाहुणे आणि गरीब यांची त्याने विशेष काळजी वाहावी. न्यायाच्या दिवशी त्याला त्यांचा जाब द्यावा लागेल. मठातील सर्व अवजारे व वस्तू त्याने वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपाव्यात, असेही तेथे म्हटले आहे. या न्यायाने माळ्याच्या हातातील कुदळदेखील पवित्र ठरते. ५३ वे प्रकरण तर स्पष्टच सांगते, की गरीब व यात्रेकरू यांच्या स्वागतात सर्वाधिक आस्था असावी, कारण त्यांच्या रूपाने ख्रिस्तच अधिक स्वीकारला जातो. श्रीमंतांचा मान काय, त्यांच्या दराऱ्यानेच राखला जातो!

या विचाराने मठाच्या आवाराला कसा आकार दिला, हे पाहण्यासाठी तीन शतके पुढे जावे लागते. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात रायखेनाऊ येथील मठात एक आराखडा रेखाटला गेला आणि स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलचे मठाधिपती गोझबर्ट यांना पाठविण्यात आला. चामड्याचे पाच तुकडे शिवून केलेल्या त्या पटावर मठाची प्रत्येक वास्तू दाखविली आहे. पुढे बाराव्या शतकात त्याच्या मागील बाजूस कोणी संत मार्टिनचे चरित्र लिहून काढले आणि त्यामुळेच तो आराखडा टिकला. आपला झगा भिकाऱ्याला अर्धा कापून देणाऱ्या संताने जणू या मळ्याचे रक्षण केले.

आराखड्यातील मळ्यात १८ वाफे आहेत आणि प्रत्येकावर भाजीचे नाव लिहिले आहे. कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू ही नावे वाचताना आपल्याकडील वाडीतच उभे असल्याचा भास होतो. शेजारी माळी व त्याचे मदतनीस यांचे घर असून अवजारे व बियाणे ठेवण्याची जागाही नेमून दिली आहे. रुग्णालयाजवळ औषधी वनस्पतींचे १६ निराळे वाफे आहेत. त्यांत पुदिना, मेथी, जिरे, बडीशेप यांच्यासोबत गुलाब व लिलीही आहेत. दफनभूमीत थडग्यांमध्ये फळझाडे आहेत आणि मध्यभागी क्रूस. यात्रेकरू व गरीब यांच्यासाठी स्वतंत्र घर आहे, त्याला स्वतःचे स्वयंपाकघर व रोटी भाजण्याची जागा आहे. हा आराखडा जसाच्या तसा कोठेही बांधला गेला नाही. तरीही त्या काळच्या मठाने आपल्यासमोर कोणता आदर्श ठेवला होता, हे तो निःसंशय सांगतो.

या आदर्शामागे किती घाम होता, हे रायखेनाऊचेच मठाधिपती वालाफ्रीड स्ट्राबो यांच्यामुळे कळते. इ.स. ८४९ मध्ये निधन पावलेल्या या विद्वानाने आपल्या छोट्या बागेवर लॅटिनमध्ये काव्य रचले. दारापुढे माजलेली खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपे उपटणे, खत घालणे, रोपांना पाणी देणे, या साऱ्याचे त्यात वर्णन आहे. ते काव्य त्यांनी सेंट गॅलचे मठाधिपती ग्रिमाल्ड यांना अर्पण केले. बागेचे पहिले फळ अशा रीतीने शेजारच्या मठाला गेले.

आता पुन्हा द्वारपालाकडे वळू. सामान्यतः घेणारा आभार मानतो आणि देणारा ते स्वीकारतो. बेनेडिक्टने हा क्रम उलटा केला. हाक गरिबाची आणि आभार दार उघडणाऱ्याचे! असे का असावे? ३३ व्या प्रकरणानुसार मठात कोणाचीही खाजगी मालमत्ता नसे. ज्याने वाफा खणला, त्याचाही त्यातील कांद्यावर हक्क नव्हता. जे आपले नाहीच, ते देताना उपकाराची भाषा शोभत नाही. ते योग्य हाती पोहोचविण्याची संधी मिळाली, एवढ्यासाठीच देवाचे आभार मानायचे.

आज एखाद्या धर्मग्रामाने चर्चच्या आवारात चार वाफे केले, तर त्यातून किती टोपल्या भाजी निघाली, याचा हिशेब अवश्य ठेवावा. परंतु ती नेण्यास आलेल्या शेजाऱ्याला मान खाली घालावी लागली, तर मळा पिकूनही व्यर्थ गेला असे समजावे. त्याची हाक ऐकताच पहिला धन्यवाद आपल्या मुखातून निघावा, हीच त्या वृद्ध द्वारपालाची शिकवण आहे.